भागवतची रात्र

२ ऑक्टोबर १९९३

भागवतच्या गावी जाऊन आलो. गाव नाही राहिलं.

नांदेडच्या मोंढ्याच्या बाजारातून भाकरी आणि चादरी भरलेला ट्रक निघाला होता, त्यात बसलो. औशाच्या पुढं पाऊस. शेवटचे चार-पाच किलोमीटर चिखलातून चाललो. भागवतची गल्ली म्हणजे नुसता दगडमातीचा ढीग, दोन पुरुष उंच. त्याचं घर कुठून सुरू होतं तेच कळेना. लष्कराची पोरं तोंडाला फडकी बांधून उकरत होती. सापडलेल्यांना शेतात एकत्रच अग्नी दिला म्हणे. कोण कुणाचं, हे कोण विचारणार!

दुसऱ्या गल्लीतला एक म्हातारा भेटला. त्याला भागवतच्या वडिलांचं विचारलं — दगडोबा?

"दगडोबाच्या घरातलं एकबी माणूस न्हाई राहिलं."

आणि भागवत?

"भागवत कसा सापडंल हितं? त्यो नांदेडला फोनच्या हापिसात असतोय. वाचला बघा त्यो."

मी मान हलवली. परत आलो.

३ ऑक्टोबर

बायकोला, वहिदाला, काही सांगितलं नाही. इथं लिहितो. ही खात्याची डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती.

भागवत आणि मी एकाच दिवशी बाहेरगावचे फोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर लागलो. अकरा वर्षं झाली. सणाला रजा कुणालाच मिळत नाही — सणालाच फोन जास्त. म्हणून आमचा आमचा एक रिवाज. माझ्या ईदची रात्रपाळी तो करायचा, त्याच्या सणाची मी. अर्ज वगैरे नाही. अर्ज केला की साहेब नाही म्हणणार. जो रात्र करील त्यानं हजेरीवर दुसऱ्याची सही करायची. रात्रपाळीचे सगळेच असं करतात. एकच नियम — ज्याची पाळी तो मध्येच परत आला तर ती अर्धी रात्र धरायची. अर्ध्या रात्रीच्या बदल्यात पूर्ण रात्र मागायची नाही.

२९ तारखेला विसर्जन होतं आणि भागवतची रात्रपाळी. रजा मिळत नाही असं त्यानं लातूरला वहिनींना पत्रही टाकलं होतं. वहिनी लातूरला खोली घेऊन राहतात. मुलगी नंदा बारावीला आहे, तिला करून घालायला. तिकडं आता अशा किती आया आहेत! भागवत इकडं एकटा, मिळेल तो ओव्हरटाइम घ्यायचा. शिकवण्यांसाठी.

दुपारी त्याचा चेहरा बघून मीच म्हणालो, जा तू. रात्र माझी.

उडालाच! "लाल्या, मार्चमधली तुझी ईद माझ्याकडं. पूर्ण रात्र! लिहून घे." आणि मिळेल त्या गाडीनं गेला. वहिनींना कळवायला वेळ नव्हता. त्यांच्याकडं फोन नाही.

रात्री दहाला मी त्याची सही केली. साडेदहाच्या सुमारास गावातून त्याचा फोन आला, पोचलो म्हणून. विसर्जन करून माणसं परतत होती, मागं झांजा ऐकू येत होत्या.

पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना खुर्ची सरकली. पंखा हलला. मग बोर्डावरचे दिवे एकदम लागले. सगळे. अकरा वर्षांत तसा बोर्ड मी पाहिला नव्हता. जो तो लातूर मागत होता. औशाच्या पुढं रिंगच जाईना.

सकाळी कुणालाच घरी सोडलं नाही. ओव्हरटाइमचा कागद फिरला. भागवतच्या नावापुढं दुपारी दोनपर्यंतची सही मीच केली. रात्री हजर दाखवलेला माणूस सकाळी कुठं गेला असं कुणी विचारू नये म्हणून. आणि मला वाटत होतं तो येईल. हसत येईल.

म्हणजे कागदावर भागवत ३० तारखेला दुपारी दोन वाजेपर्यंत नांदेडला बोर्डावर बसलेला आहे. भूकंपानंतर दहा तास.

५ ऑक्टोबर

गुरुलिंगअप्पांनी चहाला बाहेर नेलं. त्या रात्रीचे इनचार्ज तेच होते. भागवतच्या जागी मी होतो हे त्यांना माहीत आहे; रात्रीचे बाकीचेही बोलणार नाहीत, त्यांच्याही सह्या तशाच असतात. म्हणाले, "लालमहंमद, मला अडीच वर्षं राहिली. खोट्या सहीला नोकरी जाते, तुझीबी आन माझीबी. आता बोलून भागवत येतो का परत?"

चहा प्यालो. कपात माशी पडली होती, ती काढून प्यालो.

१२ ऑक्टोबर

आज वहिनी आल्या. लातूरहून पहिल्या गाडीनं. कुंकू, हिरव्या बांगड्या. सासऱ्याचं घर गेल्याचं त्यांना कळलं आहे. तिकडं जाऊनही आल्या. विचारायला आल्या ते एवढंच — "ते कुठं हायेत?"

ऑफिसात एक तारखेपासून त्याच्यापुढं गैरहजर लागतंय.

मी काही बोलायच्या आत अप्पांनी हजेरीचं रजिस्टर आणून त्यांच्यापुढं उघडलं. "बघा बाई. एकोणतीसची रात्र. ही तीसची सकाळ, दुपारी दोनपर्यंत. तुमचे मालक इथंच होते. गावाकडं गेलेलेच नाहीत."

वहिनींनी पदराला हात पुसला. सहीवरून बोटं फिरवली. मग पान उलटलं आणि मागच्या बाजूनंही फिरवली. हळूहळू, कापड बघतात तशी. बराच वेळ. मला तिथं उभं राहवेना.

"त्यांचीच हाय सही."

मग माझ्याकडं वळल्या. "लालभाऊजी, तुमी व्हता का त्या दिशी?"

होतो.

"मग हे व्हते का?"

अप्पा माझ्या मागंच उभे. मी म्हणालो — होते.

"मग जित्ते हायेत," वहिनी म्हणाल्या. "गावाचं ऐकून डोकं फिरलं असंल. कुठंतरी फिरत असतील. येतील."

स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, नंदाला सांगते, बाबांची सही बघितली म्हणून.

१३ ऑक्टोबर

होते. होते म्हणालो.

३१ ऑक्टोबर

रविवार. वहिनींबरोबर छावण्या फिरलो. दर रविवारी जातात. सोलापूरच्या दवाखान्यातही जाऊन आल्या. त्याचा लग्नातला फोटो आहे त्यांच्याकडं, त्यात तो ओळखू येत नाही. मिशी कोवळी, फेटा कपाळावर आलेला. मी म्हणालो खात्याच्या ओळखपत्राचा मागून घेऊ. नको म्हणाल्या.

पत्र्याच्या शेडमधली एक बाई फोटो बघून म्हणाली, "असा एक माणूस बसल्याला असतोय पाण्याच्या टाकीपाशी. बोलत न्हाई कुणाशी." मला माहीत आहे सगळं, आणि तरी मी टाकीपर्यंत जवळजवळ पळत गेलो! कुणीच नव्हतं. मागं वळून बघितलं तर वहिनी तिथंच उभ्या होत्या त्या बाईशी बोलत. तिच्या लेकराचं विचारत होत्या.

त्या फोटो दाखवतात. पण उत्तर येईपर्यंत थांबत नाहीत. थकल्या असतील.

१३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. दरवर्षी आजची रात्र मी करतो, भागवतची. आजही रात्रपाळी मीच मागून घेतली. यंदा माझ्याच नावानं. तक्त्यावर त्याच्या नावावर तांबडी रेघ ओढली आहे, गैरहजर म्हणून.

तीन नंबरच्या बोर्डापाशी त्याची जागा. लाकडावर आकडे उमटलेत. नोकरीआधी तो आडतीच्या दुकानात कार्बन घालून हिशेबाच्या पट्ट्या लिहायचा, ती सवय गेली नाही. एवढं दाबून लिहायचा की एका कॉलचं तिकीट लिहिलं तर खालची दोन खराब. आम्ही म्हणायचो, भागवत, फोन लावतो का दगडावर लेख कोरतो? तो म्हणायचा, "कोरलेलं राहतंय, लाल्या. तुझं शाईचं पुसून जातंय."

मी बोट फिरवलं. नायगावचा कुणाचा तरी नंबर आहे. नऊ साफ लागतो, बाकीचं कळत नाही.

२० नोव्हेंबर

चौकशीला वरचे साहेब आले होते. भूकंपाच्या रात्री जे बोर्ड सोडून गेले नाहीत त्यांना प्रशस्तिपत्र देणार आहेत. सात नावं. त्यात माझं नाव नाही — मी तर कागदावर त्या रात्री घरी झोपलेलो होतो. भागवतचं आहे.

२४ डिसेंबर

वहिनींना रजिस्टर पत्र गेलं आहे. भागवत एक ऑक्टोबरपासून विनापरवानगी गैरहजर आहे. ३१ मार्चपर्यंत हजर झाला नाही किंवा समाधानकारक खुलासा आला नाही, तर त्यानं आपणहून नोकरी सोडली असं धरलं जाईल.

अप्पांना विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे पेन्शन नाही, काही नाही. नोकरी सोडून पळालेल्या माणसाच्या बायकोला काय मिळतंय?"

आणि मेला असता तर?

"तर मिळालं असतं. पोरीलाबी पुढं खात्यात घेतलं असतं." मग म्हणाले, "हरवला म्हणून लिहून दिलं तर सात वर्षं वाट बघायची. सात वर्षं झाली की कोर्ट मेलाय म्हणतंय."

सात वर्षं. माझ्या दोन सह्यांनी त्याला धड जगू दिलं नाही, धड मरू दिलं नाही.

आज चारदा नंबर चुकवले. गिऱ्हाईक ओरडलं.

१५ जानेवारी १९९४

काल-आज लातूरला. वहिनींकडं जाऊन आलो. सोबत वहिदानं केलेले तिळाचे लाडू. दहा बाय दहाची खोली, स्टोव्ह, कॉट, पुस्तकं. भिंतीला वेळापत्रक — सकाळी साडेपाचला पहिली शिकवणी, रात्री नऊला शेवटची. गल्लीत नुसत्या सायकली. चौकात मेरिटच्या पोरांचे फोटो लावलेला मोठा फलक आहे. निम्म्या मजल्यांना तडे गेले म्हणून शिकवण्या पत्र्याच्या शेडात भरतात, पण चालू आहेत! भूकंपानंतर आठ दिवसांत चालू झाल्या म्हणे.

नंदा वाळली आहे. डोळे बापाचे. मला म्हणाली, "चाचा, बाबा आले की पहिल्यांदा तुमच्याकडंच येतील ना? खालच्या दुकानात नवा फोन आलाय, तिथं लगेच करा. मी पेपर सोडून येईन."

पेपर सोडायचा नाही, म्हणालो.

"बरं, सुटल्यावर."

ती शिकवणीला गेल्यावर वहिनींनी सांगितलं, घरमालकिणीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. दोघीतिघी कुजबुजल्या. हिला कसं बोलावलं, हिचा तर... "मी म्हणलं, लावा. कपाळ पुढं केलं. वाणबी घेतलं." स्टीलची वाटी दाखवली. मग ती वाटी ओट्यावर पालथी ठेवली.

परत येताना गाडी लोह्याला बंद पडली. दोन तास रस्त्यावर बसलो. कुठंही पोचायची घाई नव्हती.

१४ फेब्रुवारी

रमजान सुरू झाला. वहिनींचं पत्र आलं. नंदाच्या हातानं लिहिलेलं. ऑफिसच्या त्या पत्राला उत्तर लिहून द्या म्हणतात. "तुम्हाला लिहिता येतं, तुम्ही त्यांना शेवटचं बघितलं. ते येणार आहेत एवढं लिहा."

वहिदानं पत्र वाचलं. इफ्तारीनंतर भांडी घासता घासता म्हणाली, "उस रात तुम घर पे नहीं थे. मैं जानती ना? मैं घंटे गिनती बैठी थी." तिला ऑक्टोबरपासून ठाऊक होतं! मी घरी नव्हतो आणि बोर्डावर भागवत होता असं सगळे म्हणत होते, यातून तिनं जोडून घेतलं.

मग मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सह्यांचं.

"बोल देव," म्हणाली. "पेट में रखके क्या करते?" नोकरी गेली तर? "मैं सिलाई करती. नोकरी गई तो गई. वो औरत रास्ता देख रही है."

१५ फेब्रुवारी

एक गोष्ट वहिदालाही सांगितली नाही. लिहितो.

त्या रात्री साडेदहाला फोन आला तेव्हा तो फक्त "पोचलो" म्हणाला नाही. म्हणाला, "लाल्या, गणपती शिरवला. गावातून एक ट्रक निघून राहिलाय नांदेडला, आत्ताच. वळखीचा हाय. येऊ का? पाच वाजेपर्यंत पोचतो, तुझी सकाळ तरी मोकळी होईल. तू दुपारपासून बसलायस."

मी म्हणालो — नको. झोप. सकाळी ये.

तो म्हणाला, "येतो ना. बापू घोरतोय लई, झोप न्हाई लागायची."

मी म्हणालो, झोप म्हटलं ना.

त्याला वाटलं असेल मी त्याच्या काळजीनं म्हणतोय. मला ईद दिसत होती. तो पाचला आला असता तर रात्र पूर्ण झाली नसती आणि मार्चमध्ये त्यानं म्हटलं असतं, लाल्या, तू तरी कुठं पूर्ण केलीस. चेष्टेत म्हटलं असतं. पण म्हटलं असतं. मला पूर्ण रात्र पाहिजे होती.

चारला पाच कमी असताना तो ट्रक अहमदपूरच्या आसपास असता. रस्त्यावर. मोकळ्या आभाळाखाली.

२२ फेब्रुवारी

बयान लिहून ठेवलं. दोन पानं. अप्पांचं नाव कुठंच घातलं नाही. रात्रीचा फोनही घातला — साडेदहाला गावातून फोन, पोचलो म्हणाला. तेवढाच पुरावा की तो गावी होता. ट्रकचं नाही घातलं. खात्याला त्याचं काय काम!

पण देणार नंदाचे पेपर झाल्यावर. आत्ता दिलं तर चार दिवसांत लातूरला पोलीस, पंचनामा, सगळं पोचेल. भागवतनं ज्याच्यासाठी वर्षभर दोन-दोन पाळ्या केल्या, ते मी मोडणार नाही. शेवटचा पेपर ११ मार्चला.

हे खरं कारण आहे का? माहीत नाही. बरं वाटतं म्हणून खरं धरलंय.

२ मार्च

खालच्या दुकानात फोन लावला. फिजिक्स बरं गेलं म्हणे.

७ मार्च

गणिताचा पेपर लांबलचक होता. रडली. वहिनींनी सांगितलं तिला, "तुझे बाबा आल्यावर काय म्हणतील?" मग उठून बायोलॉजीला बसली.

११ मार्च

बयान दिलं. साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहून देताय? हे कुणी सांगितलंही नसतं, कधीच बाहेर आलं नसतं."

हो म्हणालो.

चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. हेडफोन जमा केला. अप्पा जिन्यात उभे होते. माझं नाव नाही ना, एवढं डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला, सोडेनात. म्हाताऱ्याचे हात थंडगार होते. "तू भागवतपेक्षा येडा निघाला," म्हणाले.

१२ मार्च

लातूर. नंदा मैत्रिणींबरोबर सिद्धेश्वराच्या देवळात गेली होती. पेपर सुटल्याचा आनंद. खोलीत वहिनी एकट्याच, पुस्तकं बांधत होत्या.

उभ्यानंच सांगितलं. ती सही त्याची नाही, माझी आहे. तो विसर्जनाला गावी गेला होता. मीच पाठवला. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला होता. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

वहिनी दोरी बांधत राहिल्या. गाठ बसेना, सोडून परत बांधली.

"बरं," म्हणाल्या.

मी थांबलो. त्या आणखी काही विचारतील असं वाटलं. रडतील, शिव्या देतील. स्टोव्हवर दूध होतं, ते उतू गेलं. त्यांनी उतरवलं नाही, मीच उतरवलं.

"आता जावा तुमी, भाऊजी. पोरगी येईल."

संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत. रोजा गाडीतच सोडला, शेजारच्या माणसानं खजूर दिला.

१३ मार्च

चांद दिसला. गल्लीत फटाके. दरवर्षी या रात्री मी घरी असतो, कारण बोर्डावर भागवत असतो. सकाळी सहाला पाळी संपवून तो तडक इकडं यायचा, अंगावर रात्रीचेच कपडे, हातात अर्धापूरच्या केळ्यांचा घड. "ईद मुबारक वहिदाभाभी, आधी शीरखुर्मा, मग झोप!" दोन वाट्या खाऊन बाजेवर आडवा. आम्ही नमाजला जाऊन यायचो तरी तो घोरतच असायचा.

आज मी घरी आहे आणि बोर्डावर कोण आहे ते मला माहीत नाही.

ईद

सकाळी नमाजहून आलो तर दारात चपला. वहिनी आणि नंदा. पहाटेच्या गाडीनं आलेल्या. केळ्यांचा घड बाजेवर.

वहिनींचं कपाळ मोकळं. हातात बांगड्या नाहीत. नंदाचे डोळे सुजलेले. वहिदानं त्यांना धरून ठेवलं होतं.

मी अंगणातच उभा राहिलो. वहिनी बाहेर आल्या.

"भाऊजी, मला आक्टोबरातच कळलं व्हतं," म्हणाल्या. "त्या दिशी मी पान उलटून बघितलं. मागं हाताला काहीच लागलं न्हाई. गुळगुळीत. त्यांनी लिहिल्यालं मागनं वाचता येतंय. माझ्या कपाटात त्यांची पत्रं हायेत, अंधारातबी वाचते मी बोटांनी." बोटं पदराला पुसली. "तुमी 'व्हते' म्हणलात, तवा तुमचं तोंडबी बघितलं. तवाच समजले, गावाला गेले म्हणून. पण पोरीचे पेपर होऊस्तोर मला ते जित्ते पाहिजे व्हते. म्हणून कुकू ठिवलं. छावण्या हिंडले. तिला दिसावं म्हणून."

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"तुमचा राग नव्हता असं न्हाई. पण तुमी येऊन सांगता का न्हाई, ते बघत व्हते. सांगितलंत. नोकरी घालवून सांगितलंत, वहिदाबाईंकडनं कळलं."

वहिदानं आतून शीरखुर्म्याची वाटी आणली. वहिनींनी घेतली. बाजेवर टेकल्या, तो बसायचा तिथंच.

"आता सगळं सांगून झालं ना, भाऊजी? पोटात काही राहिलं न्हाई ना?"

मी म्हणालो — नाही.